जुना संगणक निवडताना : किंमत आणि आवाज

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी यातील चुका दाखवल्या तर त्या मी आनंदाने मान्य करीन. परंतु संगणकाच्या पोटात काय चालते हे शिकवण्याचा माझा अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. तो थोडक्या पैशांत, जुन्या बाजारातून, आणि मुख्य म्हणजे आवाज न करणारा असा कसा निवडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ही माहिती मिळवताना आईच्या भिशीतले बाराशे रुपये बुडाले. ते तरी कोणाच्या उपयोगी पडावेत, म्हणून हा खटाटोप.

आवाजाचे एवढे काय, असे कोणी विचारील. आचोळ्याला आमची खोली दहा बाय बारा फुटांची. बाबा एका कारखान्यात रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. बारा तासांची पाळी संपवून ते सकाळी नऊला घरी येतात आणि साडेनऊला जे झोपतात ते चारला उठतात. माझे वर्ग सकाळचे. साडेबाराला मी घरी येते तेव्हा बाबांची झोप अर्ध्यावर आलेली असते. रात्री बाबा कामावर, तर आई आणि धाकटा भाऊ झोपलेले. म्हणजे चोवीस तासांत केव्हाही पाहा, आमच्या घरात कोणी ना कोणी झोपलेले असतेच. आई शिवणकाम करते. परंतु बाबा झोपलेले असताना ती मशीन चालवत नाही. तेवढ्या वेळात हातशिलाई, काजे, बटणे आणि साडीला फॉल लावणे ही कामे उरकते. जिच्यावर घरातील निम्मी मिळकत अवलंबून आहे ते मशीन ज्या घरात गप्प बसते, तेथे माझ्या संगणकाने घुरघुरत राहावे हे बरे दिसले नसते.

आता संगणक हवाच कशाला, हा दुसरा प्रश्न. पहिले वर्ष मी मोबाइलवर काढले. आमच्या परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचा प्रकल्प मला होता. वीस पाने मी अंगठ्याने टाइप केली. तळटीप कुठे घालायची, समास कसा सोडायचा, हे मोबाइलच्या वीतभर पडद्यावर उमगेना. शेवटच्या दिवशी मजकूर छापायला गेले तर निम्म्या ओळी पानाबाहेर! शिवाय घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच असल्याने चाळीतल्या चार घरांची कामे माझ्याकडे येतात. कोणाचे वीजबिल, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कोणाच्या दाखल्याची छायाप्रत ठरावीक आकारात बसवणे. ‘ती कॉलेजला जाते ना, तिला येईल,’ असे म्हणून लोक येतात आणि मला नाही म्हणता येत नाही. गरजा म्हणाल तर एवढ्याच आहेत: मराठी-इंग्रजी टंकलेखन, अर्ज भरणे, व्याख्यानांच्या चित्रफिती पाहणे, भावाचा गृहपाठ. खेळ नाहीत, चित्रपटांचे संकलन नाही. ही यादी आधी कागदावर लिहून काढावी असे मी सुचवीन, कारण दुकानात गेल्यावर ती लांबत जाते आणि तिच्याबरोबर किंमतही.

लॅपटॉप का घेतला नाही, असे मैत्रिणी विचारतात. आठ-दहा हजारांच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा संपत आलेली असते, बिजागरी सैल असते, आणि कळफलकाची एक कळ गेली तरी दुरुस्तीला सगळा लॅपटॉप उघडावा लागतो. मेजावरच्या संगणकाचे तसे नाही. पडदा वेगळा, कळफलक वेगळा, पेटी वेगळी. जो भाग बिघडेल तेवढाच बदलायचा. गरिबाच्या संसाराला हीच व्यवस्था परवडते.

आता माझ्या चुकीची हकीगत. दिवाळीच्या आधी जवळच्याच एका दुकानातून मी साडेचार हजारांना एक उभी पेटी आणली. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी दुकानदाराची तर निम्मी माझी. ‘आय-फाइव्ह आहे, आठ जीबी आहे, पाचशेची हार्ड डिस्क आहे,’ असे त्याने सांगितले आणि आय-फाइव्ह हा शब्द ऐकूनच मी भाळले. दुकान भर रस्त्यावर. रिक्षांचे भोंगे, समोर भाजीवाल्यांचा गलका. तिथे संगणक चालू करून दाखवला तेव्हा त्याचा आवाज कुठला ऐकू यायला! घरी दुपारी एक वाजता चालू केला आणि खोलीत पिठाची चक्की सुरू झाल्यासारखे वाटले. मजकूर जतन करताना आतून करकर असा वेगळा आवाज येई. बाबांनी दोनदा कूस बदलली. मग काही न बोलता उशी उचलली आणि बाहेर पडवीत जाऊन आडवे झाले. ऑक्टोबरचे ऊन पडवीत चांगले आतपर्यंत येते. मी संगणक तत्काळ बंद केला, पण ते परत आत आले नाहीत.

आई शिवणाचे ठेवून पेटीजवळ आली. मला पुन्हा एकदा अर्धा मिनिट चालू करायला लावले आणि म्हणाली, “दोन आवाज आहेत ह्यात. एक वाऱ्याचा आहे, तो चालेल. दुसरा बेअरिंगचा आहे, ते कोरडं पडलंय. हे परत दे.” दुकानदाराने तेहतीसशे रुपयांना परत घेतला. बाराशे गेले.

आईच्या या एका वाक्यामुळे माझ्या अभ्यासाला दिशा मिळाली. संगणक आवाज करतो, हे म्हणणे मोघम झाले. कोणता भाग आवाज करतो ते वेगळे काढले पाहिजे. पुढे वाचून आणि विचारून मला समजले ते असे.

संगणकाचे मुख्य काम विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालते आणि त्याला स्वतःचा आवाज नसतो. आवाज होतो तो उष्णता बाहेर घालवण्याच्या खटपटीतून. ही अडचण आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली पूर्णपणे कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओतला एक व्हॉल्व्हही हाताला चटका देतो, त्यावरून २,७०० व्हॉल्व्हच्या उष्णतेची कल्पना करावी. आज नखाएवढ्या चिपमध्ये त्याच्या कैक पटींनी काम होते, परंतु ती चिपही तापते आणि तिच्यावर पंखा लावावा लागतो. उभ्या पेटीत साधारणपणे असे तीन पंखे असतात: एक प्रोसेसरवर, एक वीजपुरवठ्याच्या डब्यात आणि एक पेटीच्या पाठीमागे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर चौथा. आपल्याला खेळ खेळायचे नसतील तर हे कार्ड नसलेलाच संगणक घ्यावा. आवाज, वीज आणि पैसे तिन्ही वाचतात.

दुसरा आवाज हार्ड डिस्कचा. तिच्यात चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यावरून एक सुई मागेपुढे सरकते. करकर ऐकू येते ती या सुईची. हिच्या जागी एसएसडी नावाचा भाग बसवला की हा आवाज समूळ नाहीसा होतो, कारण एसएसडीत हलणारे काहीच नसते. शिवाय जुना संगणक चालू व्हायला दोन-तीन मिनिटे घेत असेल तर एसएसडीने तो अर्ध्या मिनिटात होतो. जुन्या संगणकावर एकच खर्च करायचा असेल तर तो हा, असे मी निःशंकपणे सांगेन.

पंख्याविषयी एक गोष्ट मला मोठी गमतीची वाटली. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. दहा डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते, मात्र कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून मोठा पंखा सावकाश फिरलेला चांगला. लहान पंखा तेवढाच वारा देण्यासाठी भरभर फिरतो आणि त्याचा आवाज बारीक, टोचणारा असतो. अर्थात् पंखा कितीही चांगला असला तरी आत धूळ साठली किंवा चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधले मलम वाळून गेले, तर उष्णता बाहेर पडत नाही आणि पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागतो. कित्येक जुने संगणक या दोनच कारणांनी गोंगाट करतात. दुकानदाराकडून घेतानाच धूळ काढून आणि नवे मलम लावून मागावे. त्यांचे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम असते.

आता बाजाराकडे वळू. बँका, विमा कंपन्या, मोठी कार्यालये शेकड्यांनी संगणक घेतात किंवा भाड्याने आणतात, आणि हमीची तीन ते पाच वर्षे उलटली की सगळेच्या सगळे एकदम काढून टाकतात. बिघडले म्हणून नव्हे, तर हिशेबात त्यांची मुदत संपली म्हणून. हा माल व्यापाऱ्यांच्या हाती जातो आणि साफसफाई होऊन दुकानांत येतो. घरोघरच्या जुळवलेल्या संगणकापेक्षा हा माल मला अधिक विश्वासाचा वाटतो. कार्यालयात तो वातानुकूलित खोलीत, एकाच कामासाठी वापरलेला असतो, आणि शंभर माणसे एका दालनात बसतात तेथे गोंगाट चालत नसल्याने त्याची रचनाच मुळात शांत ठेवलेली असते. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क व प्रोडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर ही या वर्गातली नेहमी दिसणारी नावे.

अलीकडे या मालाच्या किमतीला आणखी एक कारण लागू झाले आहे. विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून सर्वांना विनामूल्य मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीचे ठणठणीत संगणक अडगळीत निघाले. ज्याला विंडोज हवेच आहे त्याने आठव्या पिढीखाली उतरू नये. ज्याला लिनक्स चालते त्याच्यासाठी मात्र ही पर्वणीच आहे.

पिढी ओळखायची कशी? येथेच मी पहिल्यांदा फसले होते. आय-फाइव्ह हे नुसते घराण्याचे नाव आहे. त्यापुढचा चार आकडी क्रमांक विचारावा. पहिला आकडा म्हणजे पिढी. ६५०० म्हणजे सहावी, ८५०० म्हणजे आठवी. (क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे.) सहावी पिढी २०१५ साली आली, आठवी २०१७ साली. मला विकलेला आय-फाइव्ह दुसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११ च्या सुमाराचा होता. पेटी नवी कोरी आणि आतला जीव पंधरा वर्षांचा, असे संगणक बाजारात पुष्कळ आहेत. ‘नवा आहे’ या शब्दावर जाऊ नये, क्रमांक पाहावा. आणि क्रमांकाच्या शेवटी टी हे अक्षर असेल तर आपल्यासारख्यांनी खूष व्हावे. साधा ६५०० हा ६५ वॉट उष्णतेच्या हिशेबाने बनवलेला, तर ६५००टी हा ३५ वॉटच्या. कामात थोडा संथ, परंतु तापतो कमी, म्हणून पंखाही कमी फिरतो. टंकलेखनात हा संथपणा कळतसुद्धा नाही.

पेटीचे आकार ढोबळमानाने तीन. उभी मोठी पेटी, तिच्याहून लहान आडवी पेटी, आणि जाड शब्दकोशाएवढी अगदी छोटी पेटी. या सर्वांत छोट्या पेटीला लॅपटॉपसारखा बाहेरून अडॅप्टर लागतो. त्यामुळे वीजपुरवठ्याच्या डब्याचा पंखाच नाही. आत एकच लहान पंखा. कामाचा ताण आला की तो बारीक सुरात ओरडू शकतो, हा तिचा दोष. मधल्या आकाराच्या पेटीचा आवाज जाडसर पण संथ असतो, आणि तिचे भाग पुढे बदलणे सोपे. जागा असती तर मी कदाचित मधली घेतली असती. पण आमच्याकडे संगणक शिवणाच्या मशीनशेजारच्या फळीवरच बसणार होता, म्हणून छोटी पेटी ठरवली.

खरेदीसाठी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव असलेल्या या रस्त्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण विजेच्या आणि संगणकाच्या सुट्या भागांची पेठ म्हणून जुनेच नाव तोंडी आहे. नालासोपाऱ्याहून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की बऱ्याच जलद गाड्या ग्रँट रोडला थांबत नाहीत. मुंबई सेंट्रलला उतरून धीमी गाडी पकडावी. प्राचीन काळी आमचे सोपारे म्हणजे शूर्पारक हे मोठे बंदर होते आणि देशोदेशीचा माल येथे उतरत असे, असे इतिहासाच्या तासाला शिकलो होतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी येथला स्तूप उकरून काढला. आता सोपाऱ्याच्या माणसाला कीबोर्डसुद्धा आणायला दीड तास गाडीत उभे राहून जावे लागते! असो.

आई बरोबर येण्याचे कारण पैसे तिच्या कमरेला होते हे तर होतेच, पण तिचे कानही मला हवे होते. दोन दुकाने पाहून तिसऱ्या दुकानात गेलो. तेथला कारागीर मराठी बोलणारा निघाला. एकाच मॉडेलच्या पाच-सहा पेट्या रचून ठेवल्या होत्या. त्याने एक लावली. आई म्हणाली, “भाऊ, तो वरचा पंखा जरा बंद करता का? ह्याचा आवाज ऐकू दे.” तो हसला, पण त्याने पंखा बंद केला, दारही लोटून घेतले. आईने पेटीला कान लावला आणि मान हलवली. दुसरीही नापास. “मावशी, माल एकच आहे सगळा,” तो म्हणाला. आई म्हणाली, “मशिनी पण एकाच कारखान्यातून येतात भाऊ, पण प्रत्येकीचा हात वेगळा असतो.” तिसरी पेटी तिने पसंत केली. मला तिन्हींत फारसा फरक कळला नव्हता. मग कारागिराने पहिल्या पेटीचा पंखा बोटाने हलवून पाहिला आणि तो एका बाजूला लचकत होता हे स्वतःच कबूल केले.

गार असताना संगणक शांतच असतो, म्हणून तो तापवून ऐकावा लागतो. आम्ही एकाच वेळी दोन चित्रफिती लावून पंधरा मिनिटे बसलो. कारागिराने तेवढ्यात चहा मागवला. पंखा थोडा चढला आणि चित्रफिती बंद करताच मिनिटाभरात उतरला. हे चांगले लक्षण. काम थांबल्यावरही पंखा ओरडतच राहिला तर आतले मलम वाळले आहे असे समजावे.

बाकीच्या तपासण्या मी कागदावर लिहून नेल्या होत्या. कार्यालयातल्या संगणकाला कधीकधी मुळातच संकेतशब्दाचे कुलूप घातलेले असते आणि तो शब्द कोणालाच ठाऊक नसतो. चालू करताना डेलमध्ये एफ-२, एचपीत एफ-१० आणि लेनोव्होच्या थिंकसेंटरमध्ये एफ-१ ही कळ दाबून आत शिरता येते का ते पाहावे. तेथेच तारीख व वेळ बरोबर आहे का तेही दिसते. ती जुनीपुराणी दिसली तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती स्वस्तात मिळते, परंतु त्यावरून संगणक किती दिवस पडून होता याचा अंदाज येतो. एसएसडी किती झिजली आहे हे सांगणारे छोटे प्रोग्रॅम विनामूल्य मिळतात. कारागिराला ते दाखवायला सांगावे, तो टाळाटाळ करू लागला तर उठावे. मेमरी आठ जीबी असावी, चारमध्ये आजकाल एखादे संकेतस्थळ उघडतानाही दम लागतो. अडॅप्टर त्याच कंपनीचा असावा. डेलच्या संगणकाला परका अडॅप्टर लावला तर तो ओळखू न आल्याची सूचना पडद्यावर येते आणि प्रोसेसर मुद्दाम संथ चालू लागतो. ही गोष्ट मला त्या कारागिरानेच दाखवून दिली. मागच्या बाजूची सर्व यूएसबी तोंडे पेनड्राइव्ह लावून एकेक करून तपासावीत.

दोन गोष्टी मात्र मी विसरले होते. एक, छोट्या पेटीला नवीन पद्धतीचे डिस्प्लेपोर्ट होते आणि आम्ही घेतलेल्या जुन्या पडद्याला निळे व्हीजीए. मध्ये घालायचा जोड निराळा विकत घ्यावा लागला. दोन, कार्यालयातल्या संगणकांत पुष्कळदा वायफाय नसते, कारण तेथे भिंतीतून तार आलेली असते. यावर मी मोबाइल यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडून इंटरनेट घेते. त्याला वेगळा खर्च नाही.

हिशेब असा झाला. सहाव्या पिढीची टी अक्षराची छोटी पेटी, आठ जीबी मेमरी आणि २५६ जीबी एसएसडीसह, ६,८०० रुपये. एकोणीस इंची जुना पडदा १,६००. कळफलक आणि माउस ४५०. जोड ३५०. एकूण ९,२००. आठव्या पिढीच्या पेटीला तो चार हजार जास्त सांगत होता. त्यावर मी आणि आई दुकानाबाहेर उभ्या राहून बराच वेळ बोललो. चार हजार म्हणजे भावाचे वर्षाचे वह्या-पुस्तकांचे आणि गणवेशाचे पैसे. मी लिनक्स शिकायचे पत्करले. बिल मागून घेतले आणि त्यावर दुकानाची तीन महिन्यांची हमी लिहून घेतली. तोंडी हमी भाड्याच्या पावतीइतकीसुद्धा टिकत नाही. येताना पेटी आईच्या शिवणाच्या कापडी पिशवीत सहज मावली. पडद्याने मात्र बायकांच्या डब्यात चौघींची बोलणी खाल्ली. भाईंदरला एका आजींनी तो स्वतःच्या मांडीवर घेतला तेव्हा मला हात मोकळे करता आले.

लिनक्सविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण पुष्कळजण त्याला उगाच भितात. मी लिनक्स मिंट घातले. पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकाला धक्का न लावता आधी चालवून पाहता येते आणि आवडले तरच आत बसवता येते. पैसे पडत नाहीत. अर्ज भरण्याची संकेतस्थळे ब्राउझरमध्ये नेहमीप्रमाणे उघडतात. लेखनासाठी लिबरऑफिस आहे. तळटीप कुठे घालायची ते मला आता एका झटक्यात येते. परंतु जुना छापयंत्र किंवा स्कॅनर घरात असेल तर तो लिनक्सवर चालतो का हे आधी विचारावे, आणि हिशेबाचे एखादे ठरावीक विंडोजचेच सॉफ्टवेअर ज्यांना शिकायचे आहे त्यांनी माझे अनुकरण करू नये. त्यांनी चार हजार जास्त घालावेत.

मराठी टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक लिनक्समध्ये आयताच मिळतो. स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, अशी त्याची सरळ मांडणी आहे. हलन्त डी या कळीवर. तो दाबून पुढचे व्यंजन दिले की जोडाक्षर होते. पंधरा दिवस त्रास झाला, नंतर बोटे आपोआप जाऊ लागली. मराठी विषय घेतलेल्यांनी युनिकोडमध्येच लिहावे, असा माझा आग्रह राहील. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नेला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एका मैत्रिणीचा संपूर्ण निबंध असा वाचता न येण्याजोगा झाला होता.

विजेचा धसका आईला होता. एक हजार वॉट एक तास चालले की एक युनिट. पेटी आणि पडदा मिळून साध्या कामात चाळीस वॉट धरले आणि रोज पाच तास चालवले तर दिवसाला २०० वॉट-तास, म्हणजे महिन्याला सहा युनिट. छताच्या पंख्यापेक्षा कमीच. हे तिला हिशेब मांडून दाखवले तेव्हा पटले.

आता गेले काही महिने दुपारी एक ते चार मी लिहीत बसते. पहिल्या आठवड्यात बाबा चारला उठले आणि म्हणाले, “आज अभ्यास नाही का?” पडदा त्यांच्याकडे पाठ करून होता आणि संगणक चालू होता. कळफलकाची टकटक तेवढी येते. तिच्यासाठी खाली जुन्या चादरीची चौपदरी घडी घातली आहे. महिन्यातून एकदा आई तिच्या मशीनची धूळ काढते त्याच रंगाच्या ब्रशाने पेटीच्या जाळीवरची धूळ काढते. आत तेल मात्र घालू देत नाही, त्यावरून आमचे एकदा भांडण झाले.

एक अडचण शिल्लक आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते आणि चालू लिखाण जाते. त्याला यूपीएस घ्यावा तर वीज गेली की तो पीं पीं करून सगळ्या चाळीला उठवतो. दुकानात दाखवलेल्या दोघांचा भोंगा बंद होत नव्हता. बटण दाबून गप्प करता येतो असा, आणि तोही जुना, कोणाच्या पाहण्यात आला तर द्वितीय वर्ष कलाच्या वर्गात कळवावे. तोपर्यंत मी दर दोन ओळींनंतर मजकूर जतन करते आहे.